सतराची वाईन आणि उषाचं नाक

९ जानेवारी २०२५, सांगली

दूध पुन्हा करपलं. उषा ओट्याशीच उभी होती, पातेल्यापासून हातभर लांब, मेथी निवडत. मला धूर दिसला म्हणून कळलं. गॅस बंद केला तेव्हा तिनं वळून आधी पातेल्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं. मेथी निवडत राहिली.

ऑगस्टमधल्या तापात तिचा वास गेला तो गेलाच. ताप आठवड्यात उतरला, खोकला दसऱ्यापर्यंत टिकला, वास अजून यायचाय. माझं नाक त्याच्या कितीतरी आधी गेलं, एसटी डेपोत वाहतूक नियंत्रक म्हणून उभी नोकरी डिझेलच्या धुरात काढली त्यात. पण ते गेल्यानं कुणाचं काही अडलं नाही. आता घरात दोन नाकं आणि चालू एकही नाही. वरच्या पाटीलबाईंना सांगून ठेवलंय, गॅसचा वास आला तर बेल वाजवा म्हणून.

१३ जाने.

मिरजेला नाकाच्या डॉक्टरांकडे. तरुण आहे, बोलायला बरा. व्यायाम दिला. चार छोट्या बाटल्या करायच्या : लवंग, लिंबू, निलगिरी, गुलाब. सकाळ-संध्याकाळ हुंगायच्या आणि हुंगताना तो वास आठवायचा.

मी विचारलं, कधीपर्यंत येईल. "काही सांगता येत नाही, काका."

उ.नं विचारलं, येईल का. त्यालाही तेच उत्तर.

रिक्षात म्हणाली, "आठवायचा म्हणजे काय हो? मी विसरलेय कुठं?"

खरं आहे. तिची सगळी नोकरी निर्यातीच्या द्राक्षांच्या प्रयोगशाळेत गेली. आकडे मशीन द्यायचं, पण पेटी उघडली की साहेब आधी हिला हाक मारायचे. लग्न नवं होतं तेव्हा मी दारात चप्पल काढायच्या आत ही सांगायची, आज तासगाव गाडीनं आलात, आज विटा गाडीनं. कसं कळतं ते कधी सांगितलं नाही. नुसती हसायची.

२ फेब्रु.

व्यायाम चालू आहे. मी बाटली उघडायची, आधी स्वतः हुंगून बघायचं की अर्क उडून गेला नाही ना (माझ्या हुंगण्याला काय अर्थ, पण सवय), मग तिच्या नाकाखाली धरायची. ती डोळे मिटून बसते. देवळात बसते तशी नाही, दवाखान्यात नंबर यायची वाट बघत बसते तशी.

आज परीक्षा घेतली. चारही बरोबर सांगितल्या. मी आनंदानं खुर्चीतून उठलोच. तर म्हणते, "बसा. झाकणांचा आवाज वेगवेगळा येतो."

१० फेब्रु.

माळाची मेल आली. दरवर्षी या दिवसांत येते. एरवी ही मेल आली की उ. चष्मा शोधत घरभर फिरायची. आज मी वाचून दाखवली, ती भाकरी थापत होती.

माळ म्हणजे माझ्याच माण तालुक्यातली वायनरी, उघड्या माळावर. मालकाचं आडनाव वेगळं आहे, आम्ही माळकरच म्हणतो. बाटल्या थोड्याच काढतो, दुकानात एकही ठेवत नाही. यादीत नाव असेल त्यालाच मिळतात, प्रत्येकी सहा, त्या स्वतः जाऊन आणायच्या आणि सात-आठ वर्षं पडू द्यायच्या. उ. प्रयोगशाळेच्या सहलीत तिथं गेली होती, तिथल्या पिंपाला नाक लावून काहीतरी बोलली आणि माळकर बघत राहिला. तरी नाव यादीत लागायला वर्षंच्या वर्षं गेली. तो कुणाला रांगेतून पुढं घेत नाही. आणि एक वर्ष घेतली नाही तर नाव कट, मग पुन्हा शेपटाला.

मेलच्या तळाशी एक ओळ होती. ज्यांच्याकडे २०१७ची आहे त्यांनी या वर्षात उघडावी, पुढे ती उतरणीला लागेल.

सतराची म्हणजे आमची पहिली. एक वीस साली उघडून बघितली होती. उ.नं घोट घेऊन सांगितलं, "अजून भांडतेय. राहू दे." बाकीच्या पाच तशाच आहेत.

ती ओळ मी दोनदा वाचली. उ. म्हणाली, "ऐकलं मी." भाकरी उलटली.

१४ फेब्रु.

यंदाच्या सहा घ्यायच्या का, यावर घरात बोलणं होत नाही. मी काढलं की ती विषय बदलते. आज थेट विचारलं.

"आठ वर्षांनी मी काय हुंगणार? कपाळ?"

"तवर येईल की गं."

"कुणी सांगितलं? डॉक्टरनं?"

डेपोत असताना गाडी कधी येईल असं कुणी विचारलं तर निदान मागच्या स्टँडला फोन लावता यायचा. इथं फोन तरी कुणाला लावायचा?

२८ फेब्रु.

आज शेवटची तारीख. सकाळी म्हणाली, "तुमचं तुम्ही बघा." मी फोनवरून पैसे भरले. ती शेजारीच बसली होती, दिसत होतं तिला. आडवी आली नाही. तेवढ्यालाच मी होकार समजलो.

१६ मार्च

माळावर जाऊन आलो. विटा, मायणी, दहिवडी. दहिवडीच्या पुढं फाट्यावर दादा मेंढरं घेऊन उभा होता. थोरला भाऊ, पण वर्षातून एकदा भेटतो तो असाच रस्त्यात. गाडीच्या काचेत वाकून म्हणाला, "पानी टँकरचं आन् दारू माळावरची. लय प्रगती हाय बाबा आपल्या तालुक्याची." मग उ.कडं बघून, "आवं, वाळल्या का वं तुमी?"

माळकरनं नेहमीसारखं पिंपातलं नवं काढून उ.ला दिलं. माझ्यासाठी लिंबू सरबत, त्याला माझं नाक माहीत आहे. ती ग्लास हातात घेऊन उभी राहिली. गोल फिरवला, नाक घातलं, थांबली, घोट घेतला. सगळं अगदी पूर्वीसारखं. तो वाट बघत होता. दरवर्षी बघतो. मागच्या खेपेला ती म्हणाली होती, चिंच आहे पण आधी ओलं गोणपाट लागतं, पिंप बदला. त्यानं बदललं होतं.

आज म्हणाली, "छान आहे."

त्यानं माझ्याकडं पाहिलं. मी सरबताकडं.

मायणी मागं पडेपर्यंत खिडकीबाहेर बघत बसली. मग रडायला लागली. मी गाडी बाजूला घेतली. "त्याच्यापुढं खोटं बोलले मी," म्हणाली. मी पाठीवर हात ठेवला. दुसरं काय करतात अशा वेळी ते मला अजून कळलेलं नाही.

२१ एप्रिल

ऊन मरणाचं. आणि आठ-दहा दिवस नवीनच. तिला जळका वास येतो. कधीही, कुठंही. रबर जळाल्यासारखा, म्हणते. आज जेवता जेवता उठून सगळी बटणं बंद केली. मी गॅस बघितला, फ्रीजमागं बघितलं, मीटरची पेटी उघडली. काही नाही. चहा पण जळका लागतो. तिनं चहा सोडला.

डॉक्टरला फोन केला. म्हणाला, चांगलं लक्षण असू शकतं, नसा जाग्या होताना असं होतं कधी कधी. मी विचारलं, म्हणजे येतोय का वास? म्हणाला, काही सांगता येत नाही.

४ मे

नवं खोकं (मार्चपासून मोरीशेजारी ओल्या पोत्यात ठेवलेलं) घेऊन तासगावला, बाहुबलीच्या कोल्ड स्टोरेजला.

बाहुबली माझा कॉलेजातला दोस्त. बेदाण्याचा व्यापार, जैन घर, चातुर्मासात कांदा-लसूणसुद्धा बंद. आमची पहिली सहा घरी आली तेव्हा सांगलीच्या उन्हात ठेवायची कुठं, हा प्रश्न होता. हा आपण होऊन म्हणाला, आण माझ्याकडं, बेदाण्याशेजारी ठेवतो. खोक्यात काय आहे ते तेवढं मला सांगू नको. तेव्हापासून सगळी खोकी तिथंच. भाडं विचारलं तर शिव्या देतो. बेदाण्याला लागते ती थंडी जरा जास्तच, पण माळकर म्हणाला होता, उन्हापेक्षा थंडी बरी.

उ.ला सतराची बघायची होती. आत गेलो. बाहुबलीनं खोकं स्वतः काढून दिलं. वरती उ.नंच मोठ्या अक्षरात लिहिलेलं, हलवू नये.

तर म्हणतो कसा, "वयनी, बघा कसं जपलंय. हमालाला हात लावू देत न्हाई. दर अमावाश्येला आन् पुनवेला सोता येतो आन् पलटी मारतो. वरचं खाली, खालचं वर, चांगलं गदागदा हालवून. न्हाईतर माल तळाला चिकटून बसतोय."

उ.नं खोक्यावरच्या अक्षरांवर बोट ठेवलं.

"ते हमालांसाठी ना? म्हनून तर मी सोता करतो."

"कधीपासून, भावजी?"

"पयल्या दिवसापास्नं. एकदाबी चुकलो न्हाई. आत काय हाय मला ठावं न्हाई, पन माल म्हंजे माल."

आठ वर्षं. जी वाईन अंधारात, आडवी, गप पडून राहायला पाहिजे, ती अमावाश्या-पौर्णिमेला बेदाण्यासारखी घुसळून निघाली. आणि घुसळणाऱ्याचा चेहरा बघावा तर असा समाधानी.

उ. म्हणाली, "लई उपकार झाले भावजी." मी तिच्याकडं बघत राहिलो. येताना गाडीत ती हसायला लागली. हसता हसता पाणी आलं डोळ्यांतून. मीही हसलो. कवठे एकंदला गाडी थांबवून दोघांनी उसाचा रस प्यायला. तिला जळका लागला.

६ मे

माळकरला फोन. सगळं सांगितलं. मग म्हणाला, त्या थंडीनं ती पिकायचीच थांबली असेल. म्हणजे मी लिहिलंय त्याहून एखाद-दोन वर्षं जास्त मिळतील कदाचित. पण हलवल्यानं काय झालं असेल...

"काही सांगता येत नाही," मीच म्हणालो.

"उघडल्याशिवाय कळणार नाही, आणि उघडल्यावर कळून उपयोग नाही."

उ.ला सांगितलं. ती म्हणाली, "बाहुबलीभावजींना यातलं काही बोलायचं नाही. शपथ आहे."

पण मग तो हलवत राहणार. ते कसं थांबवायचं?

११ मे

पौर्णिमा उद्यावर आली तशी उ.नं स्वतः त्याला फोन लावला. "भावजी, आता तिला पलटी नको. वय झालं तिचं. पडू दे नुसती. आणि धाकट्या खोक्यांनाही तिच्याशेजारी गप पडू दे."

तो लगेच, "व्हय व्हय, म्हातारा माल जपाया लागतोय." प्रश्न मिटला. मी चार दिवस डोकं खाजवत होतो.

१७ जुलै

एक गोष्ट कुठं बोललेलो नाही, म्हणून इथं. आज सकाळी लवंगेची बाटली उघडून सवयीनं हुंगली आणि आली. लवंग. आजीच्या दाढदुखीची, पानाच्या डब्यातली, सगळी. मी दचकलोच. लिंबू बघितलं, तेही आलं, बारीक.

इतके महिने सकाळ-संध्याकाळ तिच्या आधी मीच हुंगतोय. व्यायाम तिनं केला आणि फळ मला. डिझेल सुटून चार वर्षं झाली, त्याचंही असेल.

बाटली तिच्या नाकाखाली धरली. ती डोळे मिटून बसलेली. "काही नाही," म्हणाली. मी झाकण लावलं आणि पुढची उघडली.

हे तिला कसं सांगायचं? मला नको होतं हे. मी नाक घेऊन काय करू, मला भजी आणि बटाटेवड्यातला फरक कळला तरी पुरे.

२० ऑगस्ट

उ.चा वाढदिवस. तीच म्हणाली, एक उघडू. वर्ष झालं, किती वाट बघायची.

बाहुबली स्वतः घेऊन आला, बाटली स्वेटरमध्ये गुंडाळून मांडीवर घेऊन. सध्या त्याचं चातुर्मासातलं एक वेळचं जेवण चालू आहे. घरात आला नाही. "उघडताना मी हितं बरा न्हाई दिसत. खाली बाकड्यावर बसतो. कशी झाली तेवढं सांग, गड्या." बिल्डिंगच्या बाकड्यावर जाऊन बसला.

बूच अर्धं तुटलं. उरलेलं मी आत ढकललं. ग्लासात गढूळच आली, खाली चोथा. उ.नं उजेडात धरून बघितली. नाक घातलं. घोट घेतला. ग्लास खाली ठेवला.

"आंबट पाणी."

मग माझ्याकडं सरकवला. "तुम्ही सांगा."

मी घोट घेतला. "आंबट."

"ते मला कळलं. आणखी?"

मला टाळायचं होतं. पण तोंडात घोट होता आणि काहीतरी येत होतं. कुठून येतंय ते कळेना, मग कळलं. "दादाच्या घोंगड्यासारखं."

ती सरळ बसली. "कोरड्या घोंगड्यासारखं, का भिजून वाळलेल्या?"

"भिजून वाळलेल्या."

"गिळल्यावर?"

"राहतंय."

"किती?"

"अजून आहे."

तिनं डोळे मिटले. पहिल्यांदाच, दवाखान्यात बसल्यासारखे नाही. म्हणाली, "मग उतरली नाही ती. अजून आहे तिच्यात." मग डोळे उघडून माझ्याकडं पाहिलं. "तुम्हाला येतंय." विचारलं नाही, सांगितलं.

मी मान हलवली. किती दिवस झाले, ते तिनं विचारलं नाही. उठून गॅलरीत गेली आणि खाली वाकून बाहुबलीला ओरडून सांगितलं, "भावजी, झकास झालीय!" तो बाकड्यावरून उठला, दोन्ही हात जोडले, आणि तासगावची गाडी धरायला गेला.

रात्री जेवली नाही.

३ सप्टें.

तिनं व्यायाम बंद केला. बाटल्या कपाटात टाकल्या. मी काढून ठेवल्या तर पुन्हा टाकल्या.

"सतराच्या उरलेल्या चार देऊन टाका. यादीतलं नाव पण द्या कुणाला तरी. ज्याला नाक आहे त्यानं प्यावं."

मी म्हणालो, डिसेंबरपर्यंत थांबू. माळकरच म्हणालाय, थंडीनं आणखी वेळ मिळाला असेल.

"वाईनला मिळाला असेल."



२८ सप्टें.

जळका वासही गेला. आठवड्याभरात तिनं एकदाही बटणं तपासली नाहीत. तो त्रास गेला म्हणून बरं वाटायला पाहिजे. पण तेवढं एक तरी येत होतं. आता सगळंच शांत. डॉक्टरला फोन केला नाही. काय म्हणणार ते मला पाठ आहे.

बाहुबलीचा फोन, "चार ऱ्हायल्यात, त्यांचं काय करायचं?" म्हणालो, पडू दे. तो म्हणाला, "हात पन लावत न्हाई, वयनींनी सांगितल्यापास्नं."

१९ ऑक्टो.

पाहुण्यात कोणीतरी वाईन पिणारा आहे, पुण्याला. उ.नं त्याचा नंबर मिळवला. अजून फोन केलेला नाही. नंबर फ्रीजवर चिकटवलाय. मी येता-जाता बघतो. काढून टाकायचं धाडस होत नाही आणि फोन लावा म्हणायचंही.

८ नोव्हें.

दुपारी उ. गॅलरीत कपड्यांच्या घड्या घालत होती. मी पेपर वाचत होतो. तिथूनच म्हणाली, "कुणाचं तरी दूध उतू गेलंय."

मी म्हणालो, "आपलं न्हाई. आपल्याकडं गॅसवर काहीच न्हाई."

"आपलं कुठं म्हणतेय मी? कुणाचं तरी."

मग ती थांबली. मीही थांबलो. पेपर हातात तसाच.

मी गॅलरीत जाऊन नाक वर करून हुंगलं. मला काही नाही. पण माझं नाक ते काय, लवंग आणि लिंबापुरतं. एप्रिलमध्येही तिला जळका वास यायचा आणि कुठं काही जळत नसायचं. पण तेव्हा ते रबर होतं. दूध कधीच म्हणाली नव्हती.

चप्पल घातली. वर पाटीलबाईंकडं. त्या म्हणाल्या, आमच्याकडं हल्ली ग्रीन टी हो. शेजारी विचारलं, नाही. वास तरी आला का, विचारलं. नाही, पण त्यांच्याकडं धूप लावलेला होता, तो मलाही आला. खालच्या शिंद्यांना कुलूप, फलटणला गेलेत. जिन्यात उभा राहून पुन्हा हुंगलं. वॉचमनला विचारलं. तो म्हणाला, "काय झालं सायेब, गॅस फुटला का?"

परत आलो. ती तिथंच उभी होती, माझा शर्ट अर्धा घडी घातलेला. मी सांगितलं, कुणाचंच नाही. शिंद्यांना कुलूप आहे.

तिनं मान हलवली. मग भिंतीपलीकडं मागच्या बिल्डिंगीकडं पाहिलं. तिथल्या स्वयंपाकघरांच्या खिडक्या आमच्याकडं आहेत, दोन उघड्या होत्या.

"म्हशीचं होतं," म्हणाली. "तळाला लागलेलं." आणि शर्टाची घडी पुरी केली.

फ्रीजवरचा नंबर मी संध्याकाळी काढून खिशात ठेवला. तिनं बघितलं असावं.

मागच्या बिल्डिंगीत आमची कुणाशी ओळख नाही. उद्या सकाळी जाऊन बेल वाजवणार. काल दुपारी तुमचं दूध उतू गेलं होतं का, असं अनोळखी माणसाला कसं विचारायचं ते अजून ठरलेलं नाही.